खानदेशातील हिरवा पट्टा आणि उपग्रहाची दृष्टी

मे महिन्याच्या मध्यास घेतलेले तापी खोऱ्याचे उपग्रहचित्र पाहिले असता त्यातील एक गोष्ट प्रथमदर्शनीच नजरेत भरते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बहुतेक शेतजमीन या काळात उघडी असते. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून उत्तरेस तापीच्या पात्रापर्यंत नांगरून टाकलेल्या काळ्या जमिनीचा करडा रंग पसरलेला दिसतो. सातपुड्यावरील पानझडी अरण्यही या दिवसांत निष्पर्ण असते. या दोन उघड्या प्रदेशांच्या मध्ये, तापी आणि सातपुड्याचा पायथा यांच्या दरम्यान, रावेर व यावल तालुक्यांत मात्र दाट वनस्पतींचा एक ठळक पट्टा आढळतो. हा पट्टा केळीच्या बागांचा होय. वनस्पतींची घनता हेच पर्यावरणाच्या आरोग्याचे गमक मानले, तर साऱ्या पूर्व खानदेशात याहून सुस्थितीतील प्रदेश नाही, असाच निष्कर्ष त्या चित्रावरून काढावा लागेल.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत रावेर व यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. म्हणजे तेथे पावसाने व अन्य मार्गांनी जमिनीत जितके पाणी मुरते, त्याहून अधिक पाणी दरसाल उपसले जाते. चित्रात जो भाग सर्वांत हिरवा, तोच जमिनीखाली सर्वाधिक ताण सोसणाऱ्या भागांपैकी एक होय. या विसंगतीचा उलगडा करणे, आणि त्या निमित्ताने उपग्रह व विमान यांतून केलेले दूरसंवेदन पर्यावरणविषयक कोणत्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकते व कोणत्या प्रश्नांपाशी ते थांबते याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दूरसंवेदनाचे तत्त्व

सूर्यापासून आलेले प्रारण पृथ्वीच्या पृष्ठभागावर पडते तेव्हा त्याचा काही अंश शोषला जातो व काही परावर्तित होतो. कोणत्या तरंगलांबीचा किती अंश परावर्तित होईल हे त्या पृष्ठभागाच्या द्रव्यावर व रचनेवर अवलंबून असते. हिरव्या पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानाच्या अंतर्गत पेशीरचनेमुळे निकट अवरक्त प्रारण मोठ्या प्रमाणात परावर्तित होते. पाणी अवरक्त प्रारण जवळजवळ संपूर्ण शोषते. कोरडी काळी माती दोन्ही पट्ट्यांत थोडेच परावर्तन करते, आणि त्या दोहोंतील अंतरही अल्प असते. या फरकाचा उपयोग करून वनस्पती-निर्देशांक काढला जातो. निकट अवरक्त व तांबडा या दोन पट्ट्यांतील परावर्तनांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले म्हणजे हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, एखाद्या दाट पिकाचे तांबड्या पट्ट्यातील परावर्तन शेकडा ५ व अवरक्तातील शेकडा ४५ असेल, तर निर्देशांक ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ येतो. उघड्या काळ्या जमिनीची हीच परावर्तने शेकडा ८ व ११ धरली तर निर्देशांक सुमारे ०.१६ इतकाच राहतो. मिथ्यावर्ण चित्रांत अवरक्त पट्टा तांबड्या रंगाने दर्शविण्याची प्रथा आहे. त्यामुळे अशा चित्रात केळीचा पट्टा हिरवा न दिसता गडद तांबडा दिसतो.

याखेरीज आणखी दोन प्रकारची संवेदने महत्त्वाची आहेत. औष्णिक अवरक्त संवेदकाने पृष्ठभागाचे तापमान मोजता येते. रडारमध्ये उपग्रह स्वतःच सूक्ष्मतरंग पाठवून त्यांचा प्रतिध्वनी ग्रहण करतो. त्यास ढगांचा अडथळा होत नाही व रात्रीचा अंधारही आड येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात खानदेशचे आकाश बहुधा ढगाळ असते, आणि खरीप पिकांच्या वाढीचा काळही नेमका तोच असतो. यास्तव या प्रदेशाच्या अभ्यासात रडारचे स्थान दुय्यम मानता येणार नाही.

सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. संवेदक मोजतो ते प्रारण. पीक, अरण्य, दुष्काळ किंवा अतिक्रमण यांपैकी काहीही तो मोजत नाही. प्रारणाच्या मोजमापापासून या संज्ञांपर्यंत जाण्याचा मार्ग अनुमानाचा आहे. आणि अनुमानाची शुद्धता ही भूपृष्ठावरील प्रत्यक्ष माहितीवर अवलंबून राहते.

२. साधनांची वाढ

भारतात या विद्येचा आरंभ उपग्रहाने झाला नाही. तो विमानातील छायाचित्रणाने झाला. हवाई छायाचित्रांच्या वाचनाचे शिक्षण देणारी संस्था देहरादून येथे १९६६ साली स्थापन झाली. १९७० मध्ये प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळातील नारळाच्या बागांची अवरक्त छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून घेण्यात आली व त्यांवरून रोगग्रस्त झाडे ओळखण्याचा प्रयोग झाला. भारतीय दूरसंवेदनाचा प्रारंभ सामान्यतः या प्रयोगापासून मानला जातो. तो प्रयोग एका बागायती पिकावर झाला होता, ही गोष्ट खानदेशच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेने १९७२ च्या जुलै महिन्यात लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याच्या चित्राचा एक कण सुमारे ८० मीटरांचा होता. भारताचा भास्कर १९७९ मध्ये व आय. आर. एस. १-ए हा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २००३ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ या उपग्रहावर २३.५ मीटर चित्रकणाचा लिस-३ व ५.८ मीटर चित्रकणाचा लिस-४ असे दोन्ही संवेदक होते. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेमुळे १० मीटर चित्रकणाची चित्रे विनामूल्य मिळू लागली. दोन उपग्रह मिळून एका स्थळाचे चित्र विषुववृत्तावरही पाच दिवसांनी पुन्हा घेतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार हा अमेरिका व भारत यांचा संयुक्त रडार-उपग्रह होय. साधनांची टंचाई हा आता अभ्यासकापुढील मुख्य प्रश्न राहिलेला नाही. साधनांनी दिलेल्या माहितीचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला आहे.

३. प्रदेशाची घडण

खानदेश हा मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा प्रदेश आहे. तथापि तापीच्या दोन्ही तीरांवर, विशेषतः उत्तर तीरावर, गाळाचा जाड थर साठलेला आहे. काही ठिकाणी त्याची जाडी शंभर मीटरांहूनही अधिक भरते. या गाळात वाळू, रेती व चिकणमाती यांचे थर एकाआड एक आढळतात. सातपुड्यातून उतरणारे सुकी, मोर यांसारखे प्रवाह डोंगरातून मैदानात येताना आपल्याबरोबरचे दगडगोटे पायथ्याशीच टाकतात. गोट्यांच्या या पट्ट्यास भूजलशास्त्रात बझाडा म्हणतात. पावसाळी प्रवाहांचे पाणी त्यात झपाट्याने मुरते, आणि दक्षिणेकडील गाळाच्या थरांस ते हळूहळू पुरविले जाते. रावेर-यावलच्या केळीचा आधार म्हणजे हा भूगर्भातील साठा. जळगाव जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे सातशे मिलिमीटर आहे. वर्षभर हिरव्या राहणाऱ्या केळीस ते पुरेसे नाही.

पश्चिमेकडे, धुळे जिल्ह्यात, स्थिती वेगळी आहे. शिरपूर तालुक्याचा तापीकाठ गाळाचा असला, तरी साक्री, धुळे व शिंदखेडा या तालुक्यांचा बराच भाग कठीण बेसाल्टाचा आहे. तेथे पाणी सापडते ते खडकाच्या कुजलेल्या थरात व भेगांत. बेसाल्टाच्या थरांना छेदून उभ्या राहिलेल्या डाइक, म्हणजे भूगर्भातील तप्त रस भेगांत गोठून झालेल्या अरुंद व लांब पाषाणभिंती, हे या भागाचे खास लक्षण होय. धुळे व १ जुलै १९९८ रोजी त्यापासून वेगळा झालेला नंदुरबार, या दोन जिल्ह्यांतील डाइकांचा समूह भूशास्त्रज्ञांच्या विशेष अभ्यासाचा विषय झाला आहे.

४. केळीचा पट्टा

केळीची ओळख एकाच चित्रावरून पटविणे धोक्याचे असते. ऑक्टोबरमध्ये कापूस, केळी, ऊस व बांधावरील झाडोरा हे सारेच हिरवे असते. यावर उपाय म्हणजे एकाच शेताची वर्षभरातील चित्रे क्रमाने मांडून त्याच्या निर्देशांकाचा आलेख काढणे. कोरडवाहू कापसाचा आलेख जुलैनंतर चढतो व हिवाळ्यात उतरतो. रब्बी गहू व हरभरा यांची चढण हिवाळ्यात असते. केळीचा आलेख एकदा चढला म्हणजे कित्येक महिने उंचावरच राहतो. त्यातही जून-जुलैत लावलेली मृगबाग व ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली कांदेबाग यांचे चढण्याचे महिने भिन्न असल्याने त्या दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. पिलबागेत मूळ झाडाची कापणी होत असतानाच पिले वाढत असल्याने आलेखातील उतार अस्पष्ट राहतो. तेथे रडारची व प्रत्यक्ष पाहणीची मदत घ्यावी लागते. येणेप्रमाणे केळीखालील क्षेत्र, त्याची वाढ वा घट, आणि लागवडीचा हंगाम या गोष्टी उपग्रहावरून पुष्कळ विश्वासार्हतेने सांगता येतात. या विषयात दूरसंवेदनाचे सामर्थ्य निर्विवाद आहे.

यापुढील पायरी पाण्याच्या वापराची. जे पीक भरपूर बाष्पोत्सर्जन करते त्याचा पृष्ठभाग थंड राहतो. म्हणून औष्णिक चित्रात मे महिन्यातील केळीची बाग भोवतालच्या उघड्या जमिनीहून पुष्कळ थंड दिसते. पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या ऊर्जेचा किती भाग जमीन व हवा तापविण्यात आणि किती भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च झाला, याचा हिशेब मांडून त्या बागेने किती पाणी हवेत सोडले याचे अनुमान करता येते. त्यातून पावसाचा व जमिनीतील ओलीचा वाटा वजा केला की सिंचनाने दिलेल्या पाण्याचा अदमास मिळतो. हे अनुमान उपयुक्त आहे. परंतु ते खर्चाच्या बाजूचे आहे. जमेची बाजू, म्हणजे बझाडातून व शेतातून किती पाणी पुन्हा जमिनीत गेले, ती चित्रात उमटत नाही.

विसंगतीचे मूळ येथे सापडते. भूजलाची पातळी खालावली म्हणून केळीचे पान लगेच पिवळे पडत नाही. विहीर आटू लागली की शेतकरी कूपनलिका घेतो; तीही कमी पडली की अधिक खोल कूपनलिका व अधिक शक्तीचा पंप बसवितो. पाणी पन्नास मीटरांवरून येवो वा दीडशे मीटरांवरून, पानाला मिळणारे पाणी तेच राहते, आणि वनस्पती-निर्देशांकही तोच राहतो. वाढतो तो विजेचा व खोदाईचा खर्च, आणि तो ज्याला झेपत नाही त्या लहान शेतकऱ्याचे शेत पट्ट्यातून गळून पडते. पान हा भूजलाविषयी सर्वांत उशिरा बोलणारा साक्षीदार होय. तो बोलू लागेपर्यंत साठ्याची हानी बहुतांशी होऊन गेलेली असते.

ठिबक सिंचनाने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. जळगाव परिसरात या पद्धतीचा प्रसार मोठा आहे व एकरी पाणी तीमुळे वाचते, यात शंका नाही. परंतु वाचलेल्या पाण्यावर नवी बाग उभी राहिली, तर एकूण बाष्पोत्सर्जन घटण्याऐवजी वाढते. शिवाय पाटाने पाणी देताना जो अंश मुरून पुन्हा भूजलास मिळत असे, तोही कमी होतो. उपग्रहाच्या चित्रात या साऱ्याचा परिणाम एवढाच दिसेल की हिरवा पट्टा रुंदावला.

याच्या शेजारी शिरपूर तालुक्याचे उदाहरण ठेवावे. तेथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या कल्पनेनुसार नाले रुंद व खोल करून त्यांत बंधाऱ्यांची मालिका बांधण्यात आली. पाणी मुरू न देणारा वरचा कठीण थर छेदून ते खालच्या थरांत पोहोचवावे, हा त्यामागील विचार होता. या कामांनंतर विहिरींची पातळी उंचावल्याचे योजनाकर्त्यांनी नोंदविले आहे. नाल्यांतील पाण्याचे साठे व त्यांभोवतीची बागायत उपग्रहचित्रांत पाहता येते. मात्र रावेरची हिरवाई व शिरपूरची हिरवाई यांच्या निर्देशांकात फरक नाही. एकीकडील हिरवाईत साठा खर्ची पडत असेल, दुसरीकडे त्यात भर पडत असेल. चित्रातील कण दोन्हीकडे सारखाच असतो. त्यांतील भेद केवळ निरीक्षण विहिरींच्या नोंदींवरून कळू शकतो.

भूजल उपग्रहाला सर्वस्वी अदृश्य आहे, असे मात्र नव्हे. २००२ ते २०१७ या काळात कार्यरत असलेल्या ग्रेस या उपग्रहजोडीने गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून पाण्याच्या एकूण साठ्यातील चढउतार मोजले. २०१८ पासून तिच्या उत्तराधिकारी जोडीने हे काम पुढे चालविले. राजस्थान, पंजाब व हरियाणा या प्रदेशांत २००२ ते २००८ च्या दरम्यान सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नष्ट झाले, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज या मोजमापावरून केलेला होता. परंतु या पद्धतीची दृष्टी फार स्थूल आहे. तिला एक लाख चौरस किलोमीटरांहून लहान प्रदेशातील बदल विश्वासाने सांगता येत नाहीत. तापीचे संपूर्ण खोरे सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे आहे, आणि जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटरांचा. दोन तालुक्यांचा प्रश्न तीत विरून जातो.

दुसरा मार्ग रडारचा आहे. चिकणमातीच्या थरांतील पाणी उपसले गेले की ते थर दबतात व जमीन किंचित खचते. मेक्सिको शहरात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे. एकाच स्थळाच्या दोन रडार-प्रतिमांतील कलांची तुलना करून अशी हालचाल मोजता येते. सेंटिनेल-१ चा तरंग सुमारे साडेपाच सेंटिमीटरांचा असल्याने तो पानांवरूनच परत फिरतो, आणि वाऱ्याने सतत हलणाऱ्या केळीच्या पानांमुळे तुलना बिघडते. निसारचा एक तरंग २४ सेंटिमीटरांचा आहे; तो पालवी भेदून अधिक खोल जातो. तापीच्या गाळात या पद्धतीचा उपयोग कितपत होतो, हा पदव्युत्तर संशोधनास योग्य असा विषय होय.

५. सातपुड्यातील जमीन

केळीच्या पट्ट्यात चित्राचा अर्थ चुकला तर नियोजन चुकते. सातपुड्यात तो चुकला तर एखाद्या कुटुंबाची जमीन जाते, किंवा उलटपक्षी उभे अरण्य जाते. रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात भिल्ल, पावरा, बारेला, तडवी इत्यादी समाजांची वस्ती आहे. याच भागात १९६९ साली घोषित झालेले सुमारे १७८ चौरस किलोमीटरांचे यावल अभयारण्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवरील हक्क, कमाल चार हेक्टरांपर्यंत, मान्य होतो. त्या दिवशी अमुक तुकडा शेत होता की अरण्य, या प्रश्नाचे उत्तर जुन्या उपग्रहचित्रांत शोधले जाणे स्वाभाविकच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशातही भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने उपग्रहाद्वारे पाहणी करावी असे म्हटले होते. दावे फेटाळलेल्यांना हटविण्यासंबंधीच्या त्या आदेशातील भागास न्यायालयाने २८ फेब्रुवारी रोजी स्थगिती दिली.

२००५ च्या चित्रांची साक्ष कितपत पुरते, ते एका साध्या हिशेबाने पाहता येईल. लिस-३ चा एक चित्रकण २३.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५५२ चौरस मीटरांचा असतो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यात असे सुमारे सात कण मावतात. परंतु ती जमीन अगदी चौरस असली, तरी तिची बाजू ६३.६ मीटर भरते, आणि कणांची जाळी शेताच्या बांधाशी जुळवून आखलेली नसते. त्यामुळे संपूर्णपणे शेताच्या आत पडणारे कण फार तर चार, प्रसंगी एकच. उरलेले सर्व कण शेत व भोवतालचे रान यांचे मिश्रण असतात. चित्राचे स्थाननिर्धारण एका कणाने जरी चुकले, तरी तो एकमेव शुद्ध कण शेजारच्या झाडीत जातो. डोंगरउतारावरील वेड्यावाकड्या तुकड्यांच्या बाबतीत स्थिती याहूनही बिकट असते. लिस-४ चे कण ५.८ मीटरांचे असले, तरी एका वेळी त्याच्या दृष्टीत सुमारे २४ किलोमीटरांचाच पट्टा येत असे. त्यामुळे प्रत्येक स्थळाचे प्रत्येक हंगामातील चित्र उपलब्ध असेलच असे नाही. अमेरिकेच्या लँडसॅट-७ च्या यंत्रणेत ३१ मे २००३ रोजी बिघाड झाला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्राचा सुमारे शेकडा २२ भाग रिकाम्या पट्ट्यांनी व्यापलेला असे.

कणाच्या आकाराइतकाच हंगामही निर्णायक असतो. सातपुड्यातील साग, सालई, अंजन व पळस ही झाडे उन्हाळ्यापूर्वी पाने टाकतात. ऑक्टोबरच्या चित्रात ज्वारी वा मक्याचे शेत व झुडपी रान दोन्ही हिरवी दिसतात. एप्रिलच्या चित्रात कापणी झालेले शेत व निष्पर्ण अरण्य दोन्ही करडी दिसतात. दोहोंतील भेद उठून दिसतो तो मधल्या काही आठवड्यांत, पीक निघालेले असते आणि झाडांवर पाने टिकून असतात तेव्हा. त्या आठवड्यांतील निरभ्र चित्र हाती नसेल, तर इतर महिन्यांच्या चित्रांवरून काढलेला होकारार्थी वा नकारार्थी निष्कर्ष सारखाच संशयास्पद ठरतो. सावलीतील उत्तर-उतार, पडीक ठेवलेले शेत आणि शेतात राखलेली मोहाची झाडे यांमुळे गोंधळात आणखी भर पडते.

या मर्यादेची दखल नियमांनीही घेतली आहे. वनहक्क नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार उपग्रहचित्र हे इतर पुराव्यांस पूरक म्हणून वापरता येते. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. शास्त्रीय दृष्टीनेही हेच योग्य आहे. ज्या तुकड्यावर २००५ पूर्वी शेती नव्हती आणि तदनंतर झाडे तोडून ती करण्यात आली, त्याची साक्ष चित्रमालिका अनेकदा स्पष्टपणे देते. अरण्याच्या रक्षणास तिचा मोठा आधार आहे. परंतु चित्रात शेत दिसत नाही आणि शेत नव्हते, ही दोन विधाने एक नव्हेत.

६. हतनूरचा जलाशय

जलाशयांच्या बाबतीत दूरसंवेदनाची पद्धत तुलनेने निर्दोष आहे, कारण पाणी व जमीन यांची सीमा अवरक्त चित्रात अत्यंत स्पष्ट असते. भुसावळजवळील हतनूर धरण, एक्केचाळीस दरवाजांचे, तापी व पूर्णा यांच्या संगमाखाली आहे, आणि पूर्णेच्या गाळाचा भार त्याच्यावर पडतो. जलाशयाची पातळी उतरत असता निरनिराळ्या दिवशीच्या चित्रांवरून जलपृष्ठाचे क्षेत्र मोजावे, धरणावरील मापपट्टीवरून त्या त्या दिवशीची पातळी घ्यावी, आणि दोहोंवरून साठवणक्षमता काढून ती मूळ क्षमतेशी ताडून पाहावी, अशी ही रीत आहे. नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने राज्यातील जलाशयांसाठी ती वापरली आहे. येथेही दोन सावधानता आवश्यक आहेत. पाणपर्णीने झाकलेले पाणी चित्रात वनस्पती म्हणून दिसते. आणि सर्वांत खालच्या उतरत्या पातळीच्या खाली साचलेला गाळ उपग्रहास दिसतच नाही. त्यासाठी नावेतून खोली मोजावी लागते.

७. धुळ्याचे डाइक व विमानातून भूगर्भाचा शोध

धुळे जिल्ह्यातील डाइक उपग्रहचित्रात बहुधा पूर्व-पश्चिम धावणाऱ्या सरळ रेषांच्या रूपाने दिसतात. काही डाइक भूजलाचा प्रवाह अडवून वरच्या अंगास पाणी साठवितात. काही स्वतःच भेगाळलेले असून त्यांतून पाणी वाहते. विहिरीची जागा ठरविताना त्यांचे ज्ञान मोलाचे असते. हिवाळ्यातील सकाळी सूर्य आग्नेयेस व खाली असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम कण्यांच्या सावल्या उठून दिसतात. मात्र वायव्य-आग्नेय दिशेच्या रेषा प्रकाशाच्याच दिशेत असल्याने त्या लपतात. एकाच ऋतूतील चित्रावरून रेषांच्या दिशांचे प्रमाण काढणारा अभ्यासक अशा वेळी खडकाऐवजी सूर्याचेच वर्णन करीत असतो. रस्ते, पाट व शेतांचे सलग बांध हेही रेषांसारखेच दिसतात, हे निराळे सांगावयास नको.

पृष्ठभागाखाली पाहावयाचे असेल तर विमानाकडे वळावे लागते. हेलिकॉप्टरखाली तारेचे मोठे वेटोळे टांगून त्यातून विद्युतस्पंद सोडले असता जमिनीत प्रवाह प्रेरित होतात, आणि त्यांच्या क्षीण होण्याच्या गतीवरून खालच्या थरांची विद्युतवाहकता कळते. चिकणमाती, वाळू व अखंड बेसाल्ट यांची वाहकता भिन्न असल्याने दोनशे ते तीनशे मीटर खोलीपर्यंतच्या थरांचे चित्र या रीतीने उभे करता येते. केंद्रीय भूजल मंडळ व हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी देशातील सहा निवडक ठिकाणी या पद्धतीचा प्रयोग केला; त्यांत नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचा समावेश होता. २०२१ पासून वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशांत तिचा विस्तार करण्यात आला. विजेच्या तारा व लोहमार्ग यांमुळे तीत व्यत्यय येतो, आणि तिच्या चित्राचा अर्थ कूपनलिकांच्या खोदाईतील नोंदींशी ताडूनच लावावा लागतो. तथापि केळीच्या पट्ट्याखालील वाळूचे थर कोठे आहेत व बझाडाशी त्यांचा संबंध कसा आहे, हे जाणण्यास याहून समर्थ हवाई साधन दिसत नाही.

८. समारोप

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. तापीचे पावसाळी पाणी वळवून बझाडाच्या पट्ट्यात मुरवावे, ही या योजनेमागील मध्यवर्ती कल्पना आहे. अशी योजना सिद्धीस गेल्यावर तिच्या यशाचे मोजमाप कसे करावयाचे, हा प्रश्न आतापासूनच विचारात घेणे इष्ट होईल. हिरव्या क्षेत्राची वाढ हेच माप धरले, तर योजनेचे यश चित्रात हमखास दिसेल. कारण पाण्याची आशा निर्माण होताच नव्या बागा उभ्या राहतील. मुरणाऱ्या पाण्याहून त्या बागा अधिक पाणी उपसू लागल्या, तरी चित्र तेच राहील.

यास्तव योजनेचा आरंभ होण्यापूर्वीच त्या पट्ट्यातील निरीक्षण विहिरींच्या पातळीची नियमित नोंद, पिकांच्या वर्षभराच्या आलेखांचा संग्रह आणि पायथ्याच्या प्रवाहांचे मापन, ही तिन्ही कामे एकत्र गुंफली गेली पाहिजेत. उपग्रहाने क्षेत्र व खर्च सांगावा, विमानाने थर सांगावेत, विहिरीने साठा सांगावा. या तिघांची विधाने परस्परांशी जुळतील तेव्हाच ती ग्राह्य धरावीत. यांतील विहिरीचे काम सर्वांत कमी खर्चाचे व सर्वांत कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते सर्वप्रथम सुटते. चार वर्षे दरमहा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या विहिरीत दोरी सोडून पातळी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही हाती नसेल, तर अवकाशातून आलेल्या शेकडो चित्रांवरून एवढेच सांगता येईल की रावेरची केळी हिरवी आहे. आणि ती गोष्ट तेथील शेतकऱ्यास ठाऊकच असते.